थांबलेले इंजिन: पुण्यातील जुनी जावा-येझदी पुन्हा सुरू होते तेव्हा

१/
पुण्यातील पेठांमधले वाड्यांचे बोळ, सोसायटीच्या जिन्याखालची जागा, बंगल्यामागची पत्र्याची शेड. अशा ठिकाणी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली मोटरसायकल शहराला नवी नाही. टाकीचा रंग उडालेला, टायर बसलेले, स्पोकवर गंज. ताडपत्री बाजूला केली की अनेकदा टाकीवर दोन नावांपैकी एक दिसते : जावा किंवा येझदी. अशी गाडी का थांबली आणि ती पुन्हा नीट चालू करण्यासाठी काय काय सुधारावे लागते, याचा हा धागा. 🧵

२/
थांबलेल्या गाडीचा प्रत्येक बिघाड वेगळ्या काळातला असतो. सिलिंडरची रचना दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपातली, सहा व्होल्टची वीजव्यवस्था १९५० च्या दशकातली, कार्बोरेटरमधला राळेसारखा थर गाडी थांबली त्या वर्षातला, आणि आज पंपावर मिळणारे पेट्रोल या सर्वांनंतरचे. म्हणून ही गाडी समजून घ्यायची, तर आधी ती पुण्यात पोहोचली कशी हे पाहावे लागते.

३/
प्रारंभ प्राग शहरात होतो. शस्त्रनिर्मितीच्या व्यवसायात असलेल्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीचा मोटरसायकल विभाग विकत घेतला. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. इंडोनेशियातील जावा बेटाशी त्याचा काही संबंध नाही. पहिली जावा ५०० सीसीची, जड आणि महाग होती. कंपनी तगली ती पुढच्या स्वस्त, लहान, टू-स्ट्रोक गाड्यांमुळे.

४/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चेकोस्लोव्हाकिया नाझींच्या ताब्यात होता. त्या काळात जावाच्या अभियंत्यांनी नव्या २५० सीसी गाडीचे काम गुपचूप चालू ठेवले. युद्ध संपताच १९४६ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. हीच ‘पेराक’. १९५० च्या दशकाच्या मध्यास तिची सुधारित आवृत्ती आली, तिचा क्रमांक ३५३. पुढे भारतात जिला नुसते ‘जावा’ म्हटले गेले, ती मुख्यतः हीच गाडी.

५/
स्वातंत्र्यानंतर भारतात परकीय चलनाची टंचाई होती. तयार गाड्यांच्या आयातीवर निर्बंध येत गेले आणि देशातच उत्पादन करणाऱ्यांना परवाने मिळू लागले. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या आरंभी एस्कॉर्ट्‌सने पोलंडच्या गाडीवर आधारित राजदूत आणली. त्याच सुमारास मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू केला.

६/
१९७० च्या दशकात गाडीचे नाव बदलून ‘येझदी’ झाले. हे नाव इराणमधील याझद शहरावरून आले. झरथुष्ट्री समाजाचे ते प्राचीन केंद्र. मुंबई-पुण्यात इराणी हॉटेले चालवणाऱ्या अनेक कुटुंबांची मुळेही याझदच्या परिसरातच आहेत. चेक आराखडा, म्हैसूरचा कारखाना, इराणी शहराचे नाव आणि पुण्याचा रस्ता, असा प्रवास एका टाकीवर लिहिलेला आहे.

७/
पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि हळूहळू दुचाकी तयार करणारे शहर होत होते. बजाज ऑटोने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आकुर्डीत इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने लूना आणली. बजाजची स्कूटर नोंदवल्यावर ती हाती येईपर्यंत कित्येकांनी आठ-दहा वर्षे वाट पाहिली.

८/
गाडी सहज टाकून न देण्याची सवय या टंचाईतून आली. परवानाराजमध्ये दुचाकी ही घरातली मोठी मालमत्ता होती. वडिलांनी घेतलेली गाडी मुलाने चालवायची आणि बिघडली तर पेठेतल्या मिस्त्रीकडे उघडायची, अशी रीत होती. जावा-येझदीला ही रीत मानवली, कारण तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. पान्यांचा एक संच आणि जाणता हात असला की इंजिन फुटपाथवरही उघडता येई.

९/
मग गाडी थांबली का? पहिला धक्का तेलाचा होता. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. गाडी एका लिटरमध्ये किती जाते, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात पहिल्यांदा निर्णायक ठरला. २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी दणकट होती, पण पेट्रोलच्या बाबतीत उधळी.

१०/
दुसरा धक्का जपानचा. १९८० च्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि १०० सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि आकुर्डीची कावासाकी बजाज केबी १०० या साऱ्या १९८४ ते १९८६ या काळातल्या. हीरो होंडा फोर-स्ट्रोक होती आणि तिच्या मायलेजने बाजाराचे गणित बदलले. आरएक्स १०० टू-स्ट्रोकच होती, पण हलकी आणि चपळ.

११/
तिसरा धक्का धुराचा, आणि त्याचा धागा पुण्यातून जातो. कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही वाहन-संशोधन संस्था आहे, तिची स्थापना १९६६ ची. भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी ती एक. पेट्रोल वाहनांच्या धुरावर देशात १९९१ मध्ये मर्यादा आल्या, १९९६ मध्ये त्या कडक झाल्या आणि २००० मध्ये आणखी आवळल्या गेल्या.

१२/
टू-स्ट्रोकचा गुण या मर्यादांपुढे दोष ठरला. या इंजिनात ताजे मिश्रण आत येणे आणि जळलेला वायू बाहेर जाणे जवळपास एकाच वेळी घडते. त्यामुळे न जळलेल्या पेट्रोलचा बराच अंश थेट सायलेन्सरमधून निसटतो. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलही जळते. निळसर धूर त्याचाच. आर्थिक अडचणीत सापडलेला म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले.

१३/
कारखाना गेला की सुटे भाग दुर्मीळ होतात. सुटा भाग मिळाला नाही की गाडी ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणून भिंतीला लागते. मग घरात स्कूटर येते, मूल शिकायला बाहेरगावी जाते, वाडा पुनर्विकासाला निघतो. गाडी मोडलेली नसते, फक्त थांबलेली असते. ती पुन्हा सुरू करणाऱ्याला या दोहोंतला फरक आधी ओळखावा लागतो.

१४/
सर्वांत मोठी चूक पहिल्याच मिनिटाला होते : उत्साहाने मारलेली किक. वीस वर्षे थांबलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंग खाचांत चिकटलेल्या असतात आणि ओतीव लोखंडाच्या सिलिंडरवर गंजाची साय आलेली असते. जोराने किक मारली की तो गंज रिंगखाली खरवडला जातो आणि बोअरवर ओरखडे उमटतात. केवळ साफसफाईने सुटणारे काम मग लेथवर जाते.

१५/
जाणता मिस्त्री म्हणून आधी स्पार्क प्लग काढतो. प्लगच्या भोकातून थोडे पातळ ऑइल सोडतो आणि गाडी एक-दोन दिवस तशीच ठेवतो. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवतो. पिस्टन सुटला तर उत्तम. सुटला नाही तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा थांबणे. हातोडीचा मोह इथे आवरायचा असतो, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन फुटायला फार वेळ लागत नाही.

१६/
पिस्टन सुटला म्हणजे इंजिन बरे झाले असे होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये शिरते आणि पिस्टन खाली येताना दाबले जाऊन वर ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हाच या इंजिनाचा पंप असतो, आणि पंपाला गळती चालत नाही. ही गळती रोखतात क्रँकच्या दोन टोकांना असलेले रबरी ऑइल सील.

१७/
पुण्यातले उन्हाळे कोरडे आणि कडक, पावसाळे लांबलचक आणि दमट. हे ऋतू पंचवीस-तीस वेळा सोसल्यावर सीलचे रबर कडक होऊन तडकते. एका बाजूने बाहेरची हवा आत ओढली गेली, तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन जॅम होतो. दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सचे ऑइल आत खेचले गेले, तर पांढरट धुराचे लोट निघतात. सील बाहेरून दिसत नाहीत. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते.

१८/
येथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे गाडी कशीबशी सुरू करून व्हिडिओ काढायचा. दुसरी म्हणजे इंजिन उघडून सील, बेअरिंग, रिंग आणि गॅस्केट बदलायची. पहिल्या वाटेने गाडी त्या दिवशी चालते आणि काही आठवड्यांत सिंहगडाच्या चढावर जॅम होते. दुसऱ्या वाटेला महिने लागतात, पण त्यानंतर ती गाडी खऱ्या अर्थाने रस्त्यावरची होते.

१९/
आता टाकी. पेट्रोल उडून जाते, पण त्यातले जड घटक आणि मिसळलेले ऑइल तळाशी राहून राळेसारखा चिकट थर बनतो. रिकाम्या टाकीत दमट हवेमुळे आतून गंज धरतो. हा गंज कॉकमधून कार्बोरेटरमध्ये उतरतो आणि सुईच्या अग्राएवढे जेट बुजवतो. म्हणून टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणे व्यर्थ. जेटमध्ये तार घालू नये, कारण भोक किंचित वाढले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. ते द्रावणात भिजवून हवेच्या झोताने मोकळे करतात.

२०/
वीज हा पुढचा अध्याय. जुन्या जावात सहा व्होल्टचा डायनॅमो, बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी रचना होती. हेडलाइटच्या डब्यावर खिळ्यासारखी दिसणारी किल्ली दाबली की इग्निशन चालू होई. या रचनेत बॅटरी मेलेली असेल तर ठिणगीही पडत नाही. वर्षानुवर्षे थांबलेल्या गाडीतली बॅटरी बदलावीच लागते. पॉइंटवर चढलेला थर बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने साफ करून त्यांच्यातले अंतर सुमारे ०.४ मिमी ठेवतात.

२१/
जावाची एक खूण नव्या पिढीला चकित करते : किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक, सुरू झाल्यावर खाली आणला की गिअर. गिअर बदलताना याच लिव्हरने क्लचही आपोआप काही अंशी सुटतो. थांबलेल्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. लिव्हर दाबूनही गाडी पुढे झेप घेते ती यामुळे. म्हणून पहिला गिअर टाकण्यापूर्वी प्लेटा सुटल्या आहेत की नाहीत, हे पाहणे अनिवार्य.

२२/
इंजिनाचा आवाज आला की बाकीचे विसरले जाते, आणि धोका तिथेच असतो. ब्रेकच्या लायनरवर ग्रीस उतरलेले असते, केबल आतून गंजून तुटायला आलेल्या असतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर मेलेले असते. २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : ‘२३०८’ म्हणजे २००८ चा २३ वा आठवडा. असा टायर कितीही नवा दिसला तरी तो रस्त्यासाठी नाही.

२३/
सुटे भाग कुठून येतात? नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात एखादा मूळ भाग अवचित हाती लागतो. नवे बनवलेले भागही मिळतात, पण त्यांचा दर्जा सारखा नसतो. म्हणून मूळ पिस्टन झिजलेला असला तरी शहाणा माणूस तो फेकत नाही. नव्या भागाचे माप पडताळण्यासाठी तोच नमुना असतो.

२४/
आणि जे मिळत नाही ते बनवले जाते. या कौशल्यामागे पुण्याचा औद्योगिक इतिहास उभा आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा कारखान्यांनी भरला. टेल्को, बजाज यांच्याभोवती हजारो लहान वर्कशॉप वाढली. मिलिमीटरच्या शतांशात काम करणारे टर्नर आणि फिटर या पट्ट्यात घडले. जुन्या सिलिंडरचा बोअर करून त्यात ओव्हरसाइझ पिस्टन बसवणारे हात याच परंपरेतले.

२५/
जावाचा बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा कापतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. पण प्रत्येक कापणीबरोबर धातू कमी होतो. ठरावीक वेळांनंतर कापायला काही उरत नाही आणि नवी स्लीव्ह ठोकावी लागते. पिस्टन आणि सिलिंडर यांतले अंतर फार कमी ठेवले तर तापल्यावर पिस्टन जॅम होतो. जास्त ठेवले तर दाब जातो आणि पिस्टन खडखडतो. हा मधला बिंदू साधणे हीच मिस्त्रीची विद्या.

२६/
गाडी चालू झाली, आता पेट्रोल पंप. येथे इतिहासाचा सर्वांत ताजा थर भेटतो. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरू झाला. २०२२ मध्ये सरासरी १० टक्के झाले, २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण पंपांवर येऊ लागले. उसाच्या पट्ट्यात असलेल्या महाराष्ट्राचा या कार्यक्रमात मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकातल्या आराखड्याने या इंधनाची कल्पनाही केलेली नव्हती.

२७/
इथेनॉल हवेतले पाणी शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि टाकी गंजते. जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या, वॉशर आणि सील त्याने फुगतात किंवा विरतात. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून गेलेले मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि टू-स्ट्रोकमध्ये जास्त उष्णता म्हणजे जॅम होण्याचा धोका.

२८/
म्हणून आज गाडी उघडणारा मिस्त्री नळ्या आणि सील इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घालतो आणि गरज असेल तर मुख्य जेट एका मापाने वाढवतो. जुन्या पुस्तिकांप्रमाणे ऑइलचे प्रमाण सुमारे ४ ते ५ टक्के असे. ते पेट्रोलमध्ये नीट ढवळून घालायचे. आणि गाडी पुन्हा दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामी करायची. पूर्वीच्या ‘टाकी भरून ठेवा’ या सल्ल्याची जागा आता या खबरदारीने घेतली आहे.

२९/
यंत्र झाले, उरला कागद, आणि अनेक गाड्या इथेच हरतात. मोटार वाहन कायदा १९८८ चा, अंमल १ जुलै १९८९ पासून. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर लागतो. जुन्या गाडीचा क्रमांक ‘एमएच १२’ या मालिकेपूर्वीचा, तीन अक्षरे आणि चार आकड्यांचा असतो. त्याचे आरसी बुक हरवले किंवा ते दिवंगत मालकाच्याच नावावर राहिले, तर चालू इंजिनही रस्त्यावर बेकायदा ठरते.

३०/
जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ या मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, वैधता १० वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

३१/
यातून एक विचित्र पेच तयार होतो. १९६५ ची जावा आज व्हिंटेज ठरू शकते, पण १९८८ ची येझदी रोडकिंग नाही. तिच्यासाठी तपासणी, नूतनीकरण आणि कर हाच मार्ग. भंगारात जाण्याची शक्यता सर्वाधिक असते ती याच मधल्या पिढीला. सन्मान मिळावा इतकी ती जुनी नाही, आणि रोज वापरावी इतकी नवी नाही. वस्तूंच्या इतिहासात बहुतेक नाश याच मधल्या काळात होतो.

३२/
कागदाइतकीच नाजूक दुसरी गोष्ट म्हणजे विद्या. कानाने टायमिंग ओळखणारे, प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रण सांगणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. प्लग कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, विटकरी-तपकिरी म्हणजे बरोबर. हे ज्ञान फारसे छापले गेले नाही, ते हाताखालच्या पोराकडे गेले. इंजेक्शन आणि सेन्सरच्या गाड्यांवर शिकलेल्या पोराला पॉइंट लावण्याची गरज पडत नाही. गाडीपेक्षा हा दुवा आधी तुटण्याची भीती अधिक आहे.

३३/
नावे मात्र परतली. महिंद्र समूहाशी संलग्न क्लासिक लेजेंड्‌सने नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणली. ही इंजिने फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी आणि आजच्या धूर-मर्यादेत बसणारी आहेत. टाकीचा आकार ओळखीचा, पण दोन सायलेन्सरमधून उमटणारा जुना टू-स्ट्रोकचा ठेका त्यांत नाही. तो ऐकायचा तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनाला, जुन्या गाड्या एकत्र येतात तिथे जावे लागते.

३४/
ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी क्रम साधा आहे. आधी कागद शोधावेत : आरसी बुक, विमा, खरेदीची पावती. इंजिन आणि चासीचा क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहावा. उघडण्यापूर्वी प्रत्येक वायर आणि केबलचे छायाचित्र घ्यावे. काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून पिशवीत ठेवावा. मूळ रंगाचा एखादा तुकडा जपावा. आणि काम चालू असताना मिस्त्रीशी बोलत राहावे, त्याने सांगितलेले वहीत उतरवून घ्यावे.

३५/
सर्व काही जमले की एके सकाळी कॉक उघडतो, कार्बोरेटर भरतो आणि लिव्हर आत दाबून किक बसते. पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही. चौथ्या-पाचव्या किकेला इंजिन पकडते, वर्षानुवर्षे साचलेले ऑइल जळून बोळ धुराने भरतो. त्यानंतरचे पाचशे किलोमीटर गाडी दमाने चालवायची, चढावर ताणायची नाही, नव्या रिंग बोअरमध्ये बसू द्यायच्या. हा शेवटचा टप्पा अनेकांना कंटाळवाणा वाटतो. गाडी पुढे किती वर्षे चालणार हे मात्र तिथेच ठरते.

(समाप्त)